माझ्या सीटचं प्लास्टिकही निघालं नव्हतं

अन्याय माझ्यावर झाला. २००८ सालच्या भोगीला, सकाळी, पुदुपेटच्या एका गॅरेजमध्ये, माझ्या सख्ख्या भावाच्या नव्या फोर-व्हील ड्राइव्हची मागची सीट बोल्ट खोलून खाली उतरवली गेली तेव्हा. करणारा माझा दादा. करवून घेणारी माझी वहिनी. साक्षीला गॅरेजचा मेस्त्री आणि काखेत पत्रकांचा गठ्ठा धरलेली मी.

सुरुवातीलाच असं नाव घेऊन सांगायची सवय मला पत्रकांनी लावली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. अड्यारला एका ऑफिसात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात एका लहानशा गटासाठी पत्रकं लिहायचे. गटातल्या अक्का, वयाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या, म्हणायच्या की वाचणाऱ्याच्या हातात कागद सिग्नल सुटेपर्यंतच राहतो. तेवढ्यात कुणाचं काय बिघडवलं, कधी, आणि आता त्याने काय करायचं, एवढं आलं पाहिजे. रडगाणं घरी गा. त्या दिवशीचं पत्रक टायरांवर होतं. भोगीला तिकडे, तमिळ मुलखात, घरातलं जुनं बाहेर काढून पहाटे जाळतात. पूर्वी फाटक्या चटया न् केरसुण्या जळायच्या, आता टायर जळायला लागले होते आणि सगळं शहर खोकत उठायचं. पुदुपेट म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, टायरांना काय तोटा. म्हणून मी सकाळपासून तिथे पत्रकं वाटत होते, आणि दुसऱ्या दिवशी पोंगलला, म्हणजे तिकडच्या संक्रांतीला, आम्ही तिघं डोंगरात निघणार होतो, त्यासाठी दादाची गाडी जवळच कामाला लावलेली होती म्हणून डोकवायला गेले.

दादा गाडीच्या मागच्या दारात वाकून उभा होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलीस. जरा ही बाजू धर."

मी धरली. सवयीने. सीट अर्धी बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय उचलतेय. तिच्यावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं. नव्या सीटचा तो वास सुद्धा होता.

मेस्त्रीने विचारलं, "सीट वेण्डामा?" नको का ही सीट, असं.

"वेण्डाम, वेण्डाम," दादा म्हणाला. नको, नको.

दादाला तमिळमध्ये जेमतेम दहा-बारा शब्द येत होते आणि ते सगळे मी शिकवलेले होते. हा शब्द मी त्याला मेसमध्ये सांबार नको म्हणण्यासाठी शिकवला होता.

आता ती सीट माझी कशी, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की गाडी त्याची, हप्ते त्याचे, हिचं काय जातंय.

दादा ओरगडमला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. मी नाशिकहून त्याच्यामागोमाग आले आणि अड्यारच्या दोन खोल्यांत आम्ही भाऊ-बहीण राहायला लागलो. ना टीव्ही, ना ओळखीपाळखी. रोज जेवताना एकच विषय, गाडी घेतली तर कशी करायची. गाडी घ्यायची ती चारही चाकांना जोर देणारी, आणि घेतल्यावर डांबर सोडून उतरायचं. जव्वादूचे डोंगर, मग पूर्व घाट उभा-आडवा, मग जमलं तर थेट नाशिकपर्यंत, मुख्य रस्ता टाळून. स्नॉर्केल हवं का, म्हणजे काचेच्या कडेने वर जाणारी ती नळी, ओढ्यातून जाताना इंजिनाच्या नाकात पाणी जाऊ नये म्हणून? दादा म्हणायचा हवं. मी म्हणायचे, या भागात प्यायला पाणी नाही आणि तू बुडायची तयारी करतोयस. स्नॉर्केल रद्द झालं. पुढे, चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायला विजेची विंच लावायची की हाताने ओढायची कप्पी? मी त्याला जॉर्ज टाउनला नेलं, बंदराजवळ जहाजांचे दोर विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे, आणि तमिळमध्ये हुज्जत घालून असा दोर आणि अशी कप्पी मिळवून दिली की व्यापाऱ्याने मला विचारलं, "जहाज एंगे?" कुठाय जहाज तुझं? दादा रस्त्याभर हसत होता.

"तू माझी नेव्हिगेटर," तो म्हणायचा. "नकाशा तुझ्या मांडीवर. मला नुसतं डावं-उजवं सांगायचं."

तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते. मांडी लागायची.

नंतर दादाचं लग्न झालं. वहिनी सांगलीची, बँकेतली, बदली करून घेऊन आली. दसऱ्याला गाडी आली. चाकांखाली लिंबं मी ठेवली, पण बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला सुवाशीण लागते म्हणे, ते वहिनीने काढलं. छान काढलं. रेष कुठे हलली नाही. आणि पूजा झाल्यावर ती पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसली, जशी बायको बसते. मी मागे बसले. मागची सीट मधोमध मोकळी होती, दोघांच्या खांद्यांमधून समोरचा रस्ता दिसत होता, आणि नकाशा मागूनही वाचता येतो. मी म्हटलं, ठीक आहे. एवढं सोडू.

एवढं सोडलं की पुढचंही सोडायला लागतं, हे प्रत्येक आंदोलनात कळतं. घरात मात्र विसरायला होतं.

वहिनी वाईट असती तर माझं काम सोपं होतं. ती नव्हती. विनोदी होती, कामाला वाघ होती, मला मुद्दाम जुन्या पद्धतीने "वन्सं" म्हणायची आणि स्वतःच हसायची. एकदा दादा आणि मी गाडीखालच्या पत्र्यावर वाद घालत होतो, दगड लागून इंजिन फुटू नये म्हणून तो किती जाड हवा यावर. ती ताटं पुसत ऐकत होती. म्हणाली, "हे सगळं झालं. पण वन्सं, डोंगरात जेवायचं काय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन वर्षं आम्ही गाडी घडवत होतो आणि एकदाही जेवलो नव्हतो.

तिथून गाडी तिची झाली. चाकं बदलून चिखलात पकड घेणारे जाड टायर लागले, स्प्रिंगा बदलून गाडी उंच झाली, टपावर कॅरियर चढलं, हे सगळं आमच्या ठरल्याप्रमाणे. पण रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं ते तिच्या मांडणीचं. मागे प्लायवूडचे दोन लांब खण, एकात शेगडी, दुसऱ्यात डबे. वर फळी, फळीवर झोपायचं. कोपऱ्यात पाण्याची टाकी, खाली नळ. दादा फूटपट्टी घेऊन तिच्या शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "काय डोकं आहे गं तुझं!" हे वाक्य माझं होतं. दोन वर्षं मला मिळत होतं. मी त्यांच्यासमोर पत्रकांच्या घड्या घालत बसायचे, आणि कागद इतके दाबून घालायचे की कडा फाटायच्या.

त्या मांडणीत सीट कुठेच नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते गॅरेजमध्ये, सीटची एक बाजू हातात धरून कळलं.

"मी कुठे बसायचं?" मी विचारलं.

दादाने कपाळ पुसलं. "अगं, फळीवर. वर गादी टाकू ना."

"गादीवर सामान ठेवतात."

"तू प्रत्येक गोष्टीचा मोर्चा कशाला करतेस?"

"मोर्चा नाही केला. बसायला जागा मागितली."

मेस्त्रीला भाषा कळत नव्हती पण भांडण कळत होतं. तो सीटवर फडका मारत बसला. भोगीला जुनं टाकतात. मी सकाळपासून ओरडून सांगत होते की सणाच्या नावाखाली काहीही जाळू नका, आणि माझ्या घरच्यांनी त्याच सणाला नवीकोरी सीट बाहेर काढली होती.

सीट त्यांनी विकली नाही, हे मान्य करते. टपावर बांधून घरी आणली, आणि आम्ही तिघांनी जिन्यातून वर चढवून हॉलमध्ये ठेवली. खाली विटा लावल्या. बकलं दोन्ही बाजूंनी लोंबत होती. "सोफा झाला!" वहिनी म्हणाली आणि प्लास्टिक काढायला लागली. मी म्हटलं, हात लावू नका.

ती थांबली. ओशाळली नाही, चिडलीही नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "वन्सं, तुम्ही पुढे बसा. मी फळीवर बसते. खरंच. मला काही होत नाही."

दादा लगेच म्हणाला, "बघ, तीच म्हणतेय."

तीच म्हणतेय! म्हणजे त्याच्या शेजारची जागा आता तिची, आणि ती मोठ्या मनाने मला एका सहलीपुरती देणार, आणि मी आयुष्यभर ते मोठं मन लक्षात ठेवायचं. मला कुणी दिलेली जागा नको होती. होती ती हवी होती. मी तसं म्हटलं. दादा म्हणाला, "ठीक आहे, राहा घरी." आईला फोन गेला. आई नाशिकहून म्हणाली, "शी! सीटवरनं कसलं भांडता? लहान आहात का?" लहानपणी आम्ही कशावरून कधी भांडलोच नव्हतो, हे तिला आठवत नसावं.

पोंगलच्या सकाळी दारोदार रांगोळ्या आणि ऊस उभे होते. त्यातून ती उंच गाडी हळू वळण घेऊन गेली. वहिनीने खिडकीतून हात हलवला, नकाशा तिच्या मांडीवर होता. मी वर आले आणि हॉलमधल्या सीटवर बसले. प्लास्टिक करकरलं. समोर भिंत होती.

एक गोष्ट मात्र माझीही गाडीत गेली. गाडी उंच केली की कंपनीचा जॅक पुरत नाही, तो पूर्ण वर आला तरी चाक जमिनीवरच राहतं, हे मी दादाला कितीदा सांगितलं होतं. तो म्हणायचा, बघू. म्हणून मी सीट निघायच्या आधीच एका संध्याकाळी घरातला पाट नेऊन स्टेपनीमागे खोचून ठेवला होता, जॅकखाली ठेवायला. लाकडी, जाड, आईने दिलेला. भाऊबीजेला दादा त्याच्यावर बसायचा आणि मी ओवाळायचे. भांडण झाल्यावर काढून घ्यायचं मनात आलं होतं. नाही काढला. तो रस्त्यात अडकावा असं मला वाटत नव्हतं. तिच्याबरोबर मजेत असावा, असंही वाटत नव्हतं.

ते परतले ते लाल मातीने माखून, आणि एक गोष्ट घेऊन. जव्वादूच्या चढावर अणकुचीदार दगडाने टायर फाटला. जॅक लावला तर पुरेना. माणूस नाही, जॅकखाली घालावेत तर बाकीचे दगड सगळे गोल, घसरणारे. तेवढ्यात वहिनीला स्टेपनीमागे पाट दिसला. जॅकखाली सरकवला, चाक उचललं गेलं, सुटका. मग तिथेच चढावर तिने पोहे केले. ही गोष्ट त्या वर्षी आमच्या घरी जो जो जेवायला आला त्याने ऐकली. दादा सांगायचा, वहिनी मधे मधे पुरवणी जोडायची, आणि दोघं एकाच जागी हसायचे. आलेला पाहुणा बसायचा कुठे? माझ्या सीटवर.

"नशीब, गाडीत पाट होता," दादा दर वेळी म्हणायचा.

एकदा मी आमटी वाढताना म्हटलं, "नशिबाने नाही. मी ठेवला होता."

"हो? मला वाटलं हिने."

वहिनी पटकन म्हणाली, "मी नाही हो. वन्संनीच ठेवला असणार, मी सांगितलं होतं तुम्हाला." सांगितलं होतं म्हणे. त्याला आठवत नव्हतं. पुढच्या पाहुण्याला त्याने पुन्हा "नशीब" म्हणूनच सांगितलं.

भाऊबीजेला पाट मांडला. मधोमध जॅकच्या तळाचा गोल खळगा पडला होता. मी खळग्याभोवती रांगोळी काढली. दादा बसला, मी ओवाळलं, त्याने विचारलं, "बोल, काय हवं?"

"सीट परत बसव."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला. "अगं, फळी, खण, टाकी, सगळं ठोकून पक्कं केलंय. आता कसं निघणार?" मग त्याने ताटात घड्याळ ठेवलं. चांगलं होतं. वहिनीने निवडलं होतं.

ती सीट अजून त्या घरात आहे. मी दुसरीकडे राहायला गेले तरी तिचं प्लास्टिक कुणी काढलेलं नाही, एवढं माझं म्हणणं ऐकलं गेलं.

म्हणून तुम्हाला सांगते. गाडी घेतली असेल, डोंगरात जायचं असेल, तर ती उंच करा, टायर बदला, दोर घ्या, मागे अख्खं स्वयंपाकघर थाटा. पण मागची सीट काढली असेल, तर आज खाली जा, फळी उचला, बोल्ट शोधा आणि ती परत लावा. नंतर जिच्याबरोबर बसून तुम्ही ती गाडी मनात बांधली होती, तिला फोन करा आणि म्हणा, ये, बस. तिने विचारायची वाट बघू नका.