खोडरबरानं गेलेला कॅल्क्युलस

सरांनी माझ्या प्रवेशाच्या अर्जावर खोडरबर फिरवला. मी लिहिलेला ‘कॅल्क्युलस’ गेला. तिथं पेननं लिहिलं, ‘सामान्य गणित’. मला विचारलंही नाही. रांगेत मागं पंधरावीस जण उभे होते.

जळगावच्या आमच्या कॉलेजात एक रीत आहे. खेड्यापाड्यातून आलेल्यांनी विषयाचा रकाना पेन्सिलनं भरायचा, सर तो पेननं पक्का करणार. शहरातली मुलं सरळ पेननंच भरतात. त्यांना कुणी अडवत नाही. मीही शहाण्यासारखी पेन्सिल घेऊन गेले. मूर्खपणा माझाच.

सामान्य गणित म्हणजे सूत्रं पाठ करा, पास व्हा. ते घेतलं की पुढं गणितात पदवी नाही. मला गणितच करायचं होतं. दोन आठवडे त्या वर्गात बसले. ‘हे असं का होतं?’ विचारलं की एकच उत्तर, ‘परीक्षेला येत नाही.’ डोकं भणाणून जायचं.

विषय बदलायचा अर्ज दिला, तर सर म्हणाले, वडिलांना आण. माझे अब्बा पाचोऱ्याला गाद्या भरतात. त्या दिवसाचं काम सोडून आले. बाहीला कापूस चिकटलेला. सरांनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

“गाद्या भरायला कॅल्क्युलस कशाला लागतं हो?”

बाजूचे दोन सर हसले. अब्बाही हसले. हात जोडून म्हणाले, “सर, तुम्ही म्हणशात तसंच करसूत.”

सरांपेक्षा जास्त राग मला अब्बांचा आला. खोटं कशाला बोलू? आणि त्याच रागात कळलं, की हे असं हसणं मलाही येतं. खोडरबर फिरला तेव्हा मीही हसलेच होते.

“सर, मला कॅल्क्युलसच पाहिजे. देणार नसाल तर का देत नाही ते अर्जावर लिहा. खाली सही करा.”

कारण लिहिणार काय? बारावीला गणितात मी पाचोऱ्याच्या कॉलेजात पहिली होते. ‘बाप पिंजारी’ असं तर लिहिता येत नाही! त्यांनी अर्जावर मंजुरीची सही ठोकली आणि तो माझ्याकडे भिरकावला.

“नापास झालीस तर रडत येऊ नको.”

बाहेर आल्यावर अब्बा चिडले. “सरले असं बोलतस का कोनी?” मागं न बघता ते पाचोऱ्याच्या गाडीत जाऊन बसले.

कॅल्क्युलस तेच सर शिकवायचे. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी सहा पडले. सरांनी गुण भर वर्गात मोठ्यानं वाचले. माझे तेवढेच, दोनदा.

गेले नाही रडत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसले आणि न समजलेलं सगळं विचारलं. सर वैतागले. वैतागू देत. नापास झालेच तर मी निवडलेल्या पेपरात होईन. त्यांनी नेमून दिलेल्या पेपरात मला आता पासही व्हायचं नाही.