मेव्हण्याची चिनी किटली

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की मानपाड्याच्या एका टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर, एका किटलीचं आगमन झालेलं आहे. किटली चीनची, तांबूस मातीची, मुठीएवढी. तिला झिलई नाही. दर्शनाला येणाऱ्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहावं.

माझ्या मेव्हण्याने हेच शब्द वापरले नव्हते, पण फोनवरचा सूर हाच होता. मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. वडिलांच्या भातशेतावर टॉवर उभा राहिला, त्यात ह्याला फ्लॅट मिळाला, आणि ह्याचं लग्न त्या फ्लॅटशीच लागलं. पन्नाशी आली, दुसरीकडे बघितलं नाही. घरात तो आणि आमच्या सासूबाई. ज्या शेतात त्यांनी गुडघाभर चिखलात लावणी केली, त्याच्याच डोक्यावर आता गॅलरीत फडकं वाळत घालायचं तरी त्यांना मुलाला विचारावं लागायचं.

"भावोजी, ही किटली चहा पिते," तो मला सांगत होता. "मातीला बारीक भोकं असतात. जे पाजाल ते आत मुरतं. साबण कधीच लावायचा नाही. पुढे पुढे नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होतो."

"आणि दूध-साखर कधी मुरवतोस?"

"तुम्ही टपरीवरच प्या."

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. मेव्हण्याला वास येत नाही. उभी नोकरी डोंबिवलीतल्या केमिकल कंपन्यांत गेली, नाक कधीच कामातून गेलेलं. त्याला फिनेल आणि अत्तर सारखंच. त्यामुळे घराला वास येतो की नाही, हे त्याला शेजारणीकडून कळायचं. शेजारीण सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको, आणि मेव्हण्याला कमिटीत जायची घाई. बाईंनी एकदा लिफ्टमध्ये सुकटीच्या वासावरून नाक मुरडलं. त्याच दिवशी घरातली सुकट, बोंबील, सगळं बरणीसकट कचऱ्यात गेलं.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा म्हणाल्या, "अजून येतो हो. सकाळी सकाळी येतो."

"आये, कुठं लपवलीस?"

"नाय रे. तुझ्या बापाची शपथ, घरात कायपण नाय."

"मग शेजाऱ्यांना काय स्वप्नं पडतात?"

त्याने तांदळाचा डबा उलथा केला. गादी उचलली. आईची लुगड्यांची पेटी हॉलमध्ये आणून उपसली. काही सापडलं नाही, म्हणून त्याची खात्रीच पटली की म्हातारी पक्की आहे. शेवटी त्याने ठरवलं: आई खडवलीला, आमच्याकडे. लेकीच्या घरी पाणी प्यायलाही संकोचणारी बाई, तिने आता लेकीच्या घरी राहायचं.

मी आनंदाने हो म्हटलं. सासूबाईंच्या हातच्या कालवणासाठी मी त्यांच्या मुलाचं लग्नसुद्धा जमवून दिलं असतं.

रविवारी त्यांना न्यायला आम्ही गाडी घेऊन आलेलो. बायको खालीच थांबली. तिला भावाचं तोंड बघायचं नव्हतं. वर बघतो तर मेव्हण्याने नेमकं सेक्रेटरी नवरा-बायकोला चहाला बोलावलेलं. वास घराबाहेर काढण्याचा सोहळा, साक्षीदारांसमक्ष!

सासूबाई स्वयंपाकघरात कालवणाचं मडकं जुन्या लुगड्यात गुंडाळत होत्या.

"हे नेऊ का, जावई? तुमच्या गाडीत वास मारंल."

"मारू द्या की."

मडक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "त्याची ती चिनी किटलीपन मीच पक्की केली. मना बोलला, 'आये, पहिल्यांदा उकळून ठेव,' नि गेला कामावर. कोरं मडकं नुसतं पाण्यात उकळून काय व्हतं? मी पेजेत उकळली. मंग सुकटीचं कालवण करून भरून ठेवलं, चांगलं मुरेपर्यंत. आपली सगली मडकी अशीच पक्की व्हतात."

"त्याला सांगितलंत?"

"इचारलं कुठं त्यानं?"

सासूबाईंच्या डोक्यात काहीच आलं नव्हतं. सुकटीचा वास हा त्यांच्या लेखी वासच नव्हता, ते घर होतं. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेव्हणा रोज सकाळी खिडकीत बसून कशात गरम पाणी ओतत होता, आणि शेजारणीला काय येत होतं! मी बाहेर जाऊन एक वाक्य बोललो असतो, तर सासूबाईंचं गाठोडं तिथंच सुटलं असतं.

मी ते वाक्य गिळलं. त्या आमच्याकडे म्हणजे कालवण आमच्याकडे. आणि बाहेर खेळ सुरू व्हायचा होता, तोही पहिल्या रांगेतून बघायला मिळणार होता.

सासूबाई हॉलमधून निघाल्या तेव्हा सेक्रेटरीबाईंनी पदर आवरून घेतला. "येते रे," सासूबाई मुलाला म्हणाल्या. मेव्हणा कप पुसत होता. "हां," म्हणाला. लिफ्टचं दार लागलं. त्याने उठून सगळ्या खिडक्या उघडल्या.

"सॉरी हां. आईचं जरा... जुनी माणसं. आता घर मोकळं झालं."

"आई खाली येतायत," मी बायकोला फोन केला, "गाडीत बसवून घे त्यांना. मी चहा पिऊन येतो."

मग मेव्हण्याने किटली दोन्ही हातांत धरून मांडली, जणू बारशाचं बाळ. "ह्या किटलीने जन्मात एकच चहा पाहिलाय," तो म्हणाला, आणि उकळतं पाणी ओतलं. झाकण लावलं. चोचीतून वाफेची बारीक रेघ निघाली आणि थेट सोफ्याकडे वळली.

सेक्रेटरींनी बायकोकडे बघितलं. बायकोने उघड्या खिडक्यांकडे बघितलं, मग दाराकडे. मी माझा कप पुढे केला.

"आधी सुगंध घ्या," मेव्हणा डोळे मिटून म्हणाला. "वाकून, जवळून."

बाई वाकल्या.

"अय्या! आजी तर गेल्या... पण वास ह्या किटलीलाच येतोय की हो!"