उपवास आणि डिस्को फ्राइज

अमेरिकेत पाऊल ठेवताच जात गळून पडते, असं एडिसनमधले आमचे शेजारी काका प्रत्येक समारंभात सांगायचे. आज डायनरमध्ये ग्रेव्हीचा वास आला आणि काही वर्षांपूर्वीची दुपार आठवली. काका-काकूंना इथल्या डिस्को फ्राइज आवडतात, म्हणून ते पहिल्यांदाच आमच्या घरी आले तेव्हा बायकोने मुद्दाम मशरूमची शाकाहारी ग्रेव्ही केली, गरम फ्राइजवर ओतली, वर चीज वितळवलं. तेवढ्यात काकूंना भिंतीवरचा बुद्ध आणि निळा झेंडा दिसला. "अगं, आज माझा उपवास." बायको म्हणाली, "काकू, बटाटा चालतो की उपवासाला." "आमच्याकडे नाही चालत." काकाही घड्याळ बघत उठले. चीज ताटातच घट्ट झालं. आज पलीकडच्या टेबलावर ते दोघं त्याच फ्राइज चवीने खात होते. या डायनरची ग्रेव्ही बीफची असते.