दोनशे पासष्टची जोडी

मालक शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून हे सांगायचं मी ठरवलं होतं. नाही सांगितलं. लेकीलाही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटते — त्याला काय कळत नसेल? तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतेय.

आमचं टायरचं दुकान हायवेला, कोल्हापुरात शिरताना. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन आले, मालकांनी काउंटरवर बसवलं आणि तिथंच माझे केस पिकले. टायरच्या अंगावरचे आकडे मला पावण्यारावळ्यांच्या नावांपेक्षा चांगले पाठ. कुठल्या रिमला किती रुंद टायर चालतं, कुठलं घासणार, हे मी गाडी दारात वळतानाच सांगायची. हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढं एके ठिकाणी मी म्हणणार आहे, मला त्यातलं काय कळतंय.

आमच्या दुकानाची एक रीत होती. रुंद टायर घातलं की गाडी तशीच सोडायची नाही. शेजारी तालीम आहे. तिथले दोन-तीन जड पैलवान बोलवायचे, मागच्या सीटवर कोंबायचे आणि गाडी दबली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घालून बघायचं. हात अडकला तर टायर काढायचं — गिऱ्हाईक कितीही ओरडू दे. याला आम्ही भार देणं म्हणायचो. पैलवान खुशीनं यायचे. "वैनी, आज कुणाची गाडी दाबायची?" म्हणायचे.

आता, ज्याच्यावर मी डूख धरला त्याच्याबद्दल.

मला एकच लेक, मंगल. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा शहरातला, शिकलेला, बापाचं फर्निचरचं मोठं दुकान. साखरपुडा झाला, पत्रिका वाटल्या. एक दिवस तो आईला घेऊन घरी आला. मी चहा दिला. कप घेताना त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. टायरची काजळी हाताच्या रेघांत बसते, राखेनं घासली तरी जात नाही. निघताना दारात चपला घालत तो आईला म्हणाला, "सासूच्या हाताला रबराचा वास मारतोय गं. पावण्यांत काय सांगायचं?" दोघं हसली. मी दाराआडच उभी होते.

आठवड्याभरात निरोप आला — जमत नाही.

वाटलेल्या पत्रिका परत मागता येतात का? त्यानंतर जे स्थळ आलं त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला, पहिलं का मोडलं. मंगल घराबाहेर पडेनाशी झाली. शेवटी जयसिंगपूरच्या एका बिजवराला दिली. वयानं बराच मोठा, पहिलीचं एक पोर पदरात. माणूस वाईट नाही. पण सासरी जाताना मंगल माझ्याकडं न बघता गाडीत बसली. दोष तिनं त्या पहिल्या मुलाला दिला की माझ्या हातांना? ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही.

बरीच वर्षं गेली. डूख जात नाही हो. तो काय ताप आहे उतरायला?

मग एके दिवशी दुकानापुढं लाल गाडी येऊन थांबली. बुटकी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकल्यासारखी. मागं नावापुरत्या दोन सीटा. उतरला तो तोच. पोट सुटलेलं, केस मागं गेलेले — मी लगेच ओळखला. त्यानं मला ओळखलं नाही. माझे हात त्याच्यासमोर काउंटरवर होते. त्याच हातांवरनं त्यानं माझ्या लेकीचं मोडलं, आणि त्याला काही आठवलं नाही. आठवलं असतं, शरमला असता, तर मी काय केलं असतं? माहीत नाही. तो शरमला नाही.

"मावशी, मागची टायरं बारकी दिसत्यात," म्हणाला. "चांगली रुंद पायजेत. मागनं बघितलं की वाघ दबा धरून बसल्यागत दिसली पायजे गाडी."

रिम कंपनीचेच ठेवायचे, टायर तेवढं रुंद, असं त्याचं म्हणणं. त्याला मागं दोनशे पंचवीस मिलिमीटर रुंदीचं टायर होतं. दोनशे पंचेचाळीस बसलं असतं, चांगलं बसलं असतं. पण त्यानं मोबाइलमध्ये कुणाच्या तरी गाडीचा फोटो दाखवला आणि दोनशे पासष्ट मागितलं. त्या रिमला ते झेपणारं नव्हतं. अरुंद रिमवर रुंद टायर घातलं की त्याच्या कुशी फुगून बाहेर येतात, बारक्या पाटावर जाड बाई बसावी तशा. मोकळ्या गाडीला ते कळत नाही. मागं माणसं बसली, गाडी दबली, वळणावर कलली, की ती फुगलेली कूस मडगार्डच्या आतल्या कडेला घासते. कड म्हणजे पत्रा. रोज थोडं थोडं कापत जातो.

दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, "पावणं, हौस घरी ठेवा, पंचेचाळीस घ्या." त्याला म्हटलं, "बसतंय की. मागवून घेते."

जोडी पुण्याहून आली. मालक त्या दिवशी मंगलकडं जयसिंगपूरला गेले होते. तो नेमका शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन आला.

आमच्याकडं फिटर होता दस्तगीर. मंगल रांगत होती तेव्हापासून दुकानात. तिला खांद्यावर घेऊन पंचगंगेचा पूर दाखवलेला माणूस. त्यानं टायर चढवली, हवा भरली, गाडी खाली घेतली आणि लांब जाऊन मागनं बघत उभा राहिला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"वैनी, अंगापेक्षा बोंगा मोठा झालाय. भरल्या गाडीला घासणार ह्ये."

"गिऱ्हाईक मागतंय."

"मागू दे की. पैलवान बसवून भार देऊन बघा. हात न्हाय गेला तर गाडी सोडू नका, मी आल्यावर काढतो." त्याची नमाजाची वेळ झाली होती. हातपाय धुऊन तो गेला.

मी मघाशी 'नेमका आला' म्हटलं. खोटं बोलले. या वयात, इतकं सगळं सांगायला बसले आणि तरी खोटं बोलले — बघा. त्याला फोन मीच केला होता. टायर गुरुवारी सकाळीच आली होती. शुक्रवारी दुपारी या म्हणून मीच सांगितलं. मालक नसणार तो दिवस, दस्तगीर मशिदीत असतो ती वेळ. विचार करून सांगितलं.

तालमीच्या दारातनं एक पैलवान ओरडला, "वैनी, येऊ काय दाबायला?"

"आज न्हाय रं," मी म्हटलं.

झालं. एवढंच केलं मी. ना खिळा ठोकला, ना नट ढिला ठेवला. आज न्हाय रं.

लाल गाडीवाला समोरनं चहा पिऊन आला, गाडीभोवती फिरला, फोटो काढले. "मावशी, एक नंबर," म्हणाला आणि गेला. दस्तगीर आल्या आल्या म्हणाला, "भार दिला न्हवं?"

"दिला. हात जातोय."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यानं कधीच दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

रागाच्या भरात झालं म्हणायचं, तर राग किती वेळ टिकतो? त्याचा नंबर काउंटरच्या काचेखाली होता. पुढचे कितीतरी दिवस मी रोज तो बघत होते. एक फोन. गाडी आणा, टायर बदलून देते, एवढं बोलायचं होतं. सकाळी चहा घेताना मी पेपर उघडायची आणि आधी अपघाताच्या बातम्या वाचायची. त्याचं नाव नसलं की चहा कडू लागायचा. तो मरावा असं वाटत होतं का? कोणी मला हे विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. वाटत होतं. त्याच्या गाडीत आणखी कोण बसेल याचा मी विचार केला होता का? केला होता. मागं कोणी बसल्याशिवाय ते टायर घासणारच नव्हतं.

एक दिवस बातमी आली. मित्रांना घेऊन रत्नागिरीकडं निघाला होता. मलकापूरच्या पुढं घाटातल्या वळणावर मागचं टायर फुटलं, गाडी डोंगराच्या बाजूला आदळली. मित्र खरचटण्यावर सुटले. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून चेचला.

त्या दिवशी मी मटण केलं. तांबडा, पांढरा, सगळं. मटण दस्तगीरनंच त्याच्या खाटकाकडनं आणून दिलं आणि दुपारी आमच्यातच जेवला. "वैनी, आज कुठला सण म्हणायचा?" रस्सा ओरपत त्यानं विचारलं.

"असंच," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटात आणखी दोन फोडी वाढल्या.

चार दिवसांनी लाल गाडीवाल्याचा भाऊ ते फुटलेलं टायर घेऊन दुकानात आला. साखरपुड्याला हा भाऊ नव्हता, त्यामुळं मालकांनी त्याला ओळखलं नाही. सगळ्यांसमोर फरशीवर टाकलं. टायरच्या बाहेरच्या कुशीला गोल चीर होती, विळीवर धरल्यासारखी. मालकांनी बोट फिरवलं आणि त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. या धंद्यात त्यांनी नाव कमावलं होतं, बाकी काही नाही.

"भार दिला न्हवता?" त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, सगळ्यांनाच.

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. तो वाट बघत होता. दिला होता, असं मी म्हणेन म्हणून. तेवढं म्हणायचं तरी धाडस हवं होतं — कारण दिला होता म्हटलं की पुढचा प्रश्न, हात कुणी घातला, किती गेला, कुठले पैलवान बसवले. पैलवान शेजारीच होते. बोलवून विचारलं असतं.

मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? दस्तगीरचं काम त्ये."

मला काय कळतंय त्यातलं. बाईमाणूस. चौथी शिकलेली. आयुष्यभरात कुणी मला असं म्हटलं असतं तर मी त्याला दुकानातनं हाकलला असता.

दस्तगीर माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं टायरकडं बघितलं. लाल गाडी, रुंद टायर, शुक्रवार, ते जेवण — त्याला तिथंच सगळं जुळलं असणार. तो मूर्ख नव्हता. मंगलच्या साखरपुड्याला मांडव त्यानंच घातला होता, त्या मुलाचं तोंड त्याला आता आठवलं असेल. गिऱ्हाइकाच्या भावाला तो एकच वाक्य बोलला. "माझी चूक झाली. मी बघितलं न्हाय."

मालकांनी त्या भावापुढं हात जोडले. दस्तगीरला त्यांनी काढलं नाही. पण चारचाकीचं काम त्याच्या हातात दिलं नाही, आणि दोन महिन्यांत तो आपणच गेला. हायवेच्या रांगेत कुणी त्याला ठेवून घेतलं नाही. भार न देता गाडी सोडणारा फिटर — ही गोष्ट सगळ्या दुकानांत पोचली होती. आता तो कोडोलीत रस्त्याकडेला पंक्चर काढतो. सायकली, ट्रॅक्टरच्या ट्यूबा. एकदा मी एस्टीतनं जाताना तिथं गाडी थांबली. त्यानं मला खिडकीत बघितलं. उठून आला. "वैनी, बरं हाय न्हवं? मंगल कशी हाय?"

"बरी हाय," मी म्हटलं. गाडी सुटली.

मालकांना मरेपर्यंत वाटत होतं की दस्तगीरनं त्यांचं नाव घालवलं. शेवटच्या आजारात दस्तगीर भेटायला येऊ का म्हणून निरोप पाठवत होता. मालक नको म्हणाले. मी तिथंच बसले होते, त्यांचे पाय चेपत. माझ्या एका वाक्यानं दोघं भेटले असते. त्या वाक्यात मी बुडाले असते, म्हणून नाही बोलले. दुसरं कारण नाही. मी शोधलं नाही असं नाही.

आणि त्या लाल गाडीवाल्याचं म्हणाल तर — तो लंगडतो. त्याला अजून माहीत नाही मी कोण. गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीत मी भाजी घेत होते, तेव्हा तो रस्ता ओलांडायला काठी टेकून उभा होता. एका भाजीवाल्यानं त्याला हात दिला. मी पिशवी खाली ठेवली आणि तो पलीकडं पोचेपर्यंत बघत उभी राहिले. कीव आली म्हणून नाही. मला ते बघायचं होतं. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. माझ्या जिवाला गार वाटलं, बातमी आली त्या दिवशी वाटलं होतं तसंच.

मग घरी आले, भाकरी केली आणि जेवले.