वळणावरचा फोटो

उन्हाळ्यात टेकडीवरच्या जंगलातल्या शर्यतीत आम्ही सगळे चढावर धापा टाकत चालतच होतो. वळणावर फोटोग्राफर दिसला आणि मी पोट आत घेऊन, हसत, हरणासारखा धावलो.

आज फोटो आला. काय तो रुबाब! बायकोनं मात्र विचारलं, "अहो, मागे झाडाखाली बसलेल्या काकू हात का करतायत?"

त्यांच्या पायात गोळा आला होता. त्यांनी पाणी मागितलेलं मी ऐकलं होतं. माझ्या कमरेची बाटली फोटोत भरलेली दिसते. बघणारं कुणी असलं की माणूस पोट आत घेतो. तेवढ्यापुरतं मन मोठं करायचं मात्र सुचत नाही.

"मला शाबासकी देतायत," मी म्हणालो.

"मग मोठा करून भिंतीवर लावू," ती कौतुकानं म्हणाली, "काकूंसकट."