लखीमावशीचा बिनपुढाऱ्याचा मोर्चा

लखीमावशी कधी कोणाच्या पुढे चालत नसे, आणि मागेही नाही. कैनाडच्या शेतातले बांध एका वेळी एकच माणूस जाईल एवढे अरुंद, तरी ती बांध सोडून खालच्या चिखलातून माझ्या शेजारी चालायची. "मावशी, मागून ये ना," म्हटलं तर म्हणायची, "मंग बोलायचं कोनासंग? तुझ्या पाठीसंग?"

माझं डहाणू स्टेशनाबाहेर झेरॉक्सचं दुकान, घर सरावलीत. जुनी पुस्तकं वाचून वाचून मी तेव्हा नवा नवा अराजकवादी झालो होतो. म्हणजे आईने आयता चहा हातात द्यायचा आणि मी जगातली सगळी सत्ता नाकारायची. मावशी कैनाडच्या एका पाड्यावरची; दुकानात आली ती पाड्याच्या गुरचरणाच्या, म्हणजे गुरं चारायच्या सामायिक जमिनीच्या, नकाशाची प्रत काढायला. एका चिकूवाडीच्या मालकाने त्या गुरचरणाला तारेचं कुंपण घातलं होतं आणि पाड्याची गुरं दारात बांधून पडली होती.

याआधी पाड्यातल्या लोकांनी एक मोर्चा काढला होता. पोलिसांनी पुढाऱ्याला जीपमध्ये घालून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि मोर्चा तिथल्या तिथे विरघळला. म्हणून या खेपेला पुढारीच नको असं पाड्याने ठरवलं होतं. मला तर हर्षवायूच व्हायचा राहिला. म्हटलं, "मावशी, याला अराजकवाद म्हणतात!"

"म्हनूत बापडे," ती म्हणाली. "त्यांना पन बोलव मोर्च्याला."

पाड्याची बैठक म्हणजे शेवटच्या माणसाचं 'हो' येईपर्यंत कोणी उठायचं नाही. तारीख ठरत आली होती, तेवढ्यात एक म्हातारबाबा अडले. त्यांची म्हैस त्याच आठवड्यात विणार होती. एका म्हशीसाठी मोर्चा पुढे ढकलला! मी चिडलो, तर मावशी शांतपणे म्हणाली, "म्हस घरी कन्हत असंल त मानूस रस्त्यावर मन लावून उभा ऱ्हाईल का? मंग नुसतं त्याचं धोतर आनून काय करू?" म्हैस व्याली, रेडी झाली, आणि मग आम्ही निघालो.

ऊन चांगलंच तापलं होतं. तहसील कचेरीच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला. इन्स्पेक्टर नवे होते, तसे वाईट नव्हते. "तुमचा नेता कोण?" त्यांनी विचारलं. कोणी बोलेना. "बरं, पाच जण आत या." कोणी हलेना. दोन बाया पदरात तोंड लपवून हसल्या आणि साहेबांना वाटलं, आपली थट्टा चालली आहे.

"काय बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला साहेब," मावशी म्हणाली. "आमी सगलीच आलोत."

"म्हणजे तूच नेता!"

"मी? माझ्या घरात कोंबडी पन माझं ऐकत नाय."

आता बाप्येही हसले. साहेबांचा पारा चढला. हुकूम सुटला आणि पोलीस लाठ्या आडव्या धरून आम्हाला मागे रेटू लागले. मागे अरुंद रस्ता, कडेला उघडं गटार, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कोणीतरी "पळा!" म्हणून ओरडलं. त्या एका शब्दाने माणसं पायाखाली गेली असती, मोर्चा मोडला असता आणि गुरचरण कायमचं गेलं असतं.

तेव्हा मावशीने शेजारणीचा दंड धरला आणि हाळी दिली, "आवनी धरा गं, आवनी!"

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. बाया एका ओळीत वाकून लावत लावत मागे सरकतात. कोणी घाई करत नाही, आणि एखादी मागं राहिली तर शेजारच्या दोघी तिचा वाटा उरकतात. बघता बघता रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तशी ओळ धरली गेली. तोंडं पोलिसांकडे, पाऊल मागे, एकाच चालीत. दमलेल्या बाईचं पोर आपोआप दुसरीच्या कडेवर जात होतं. एकाही माणसाने पाठ दाखवली नाही. ती ओळ आठवली की आजही माझी छाती फुगते.

तलासरीकडचा एक हवालदार बघत राहिला. "साहेब, ही आवणी हाय," तो म्हणाला, "आमची आई अशीच लावते." त्याची लाठी खाली आली. बाकीच्यांनीही रेटणं सोडलं. मोकळी जागा लागली तिथे सगळी ओळ खाली बसली आणि उठेचना. शेवटी तहसीलदारच बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत गुरचरणाची सरकारी मोजणी कबूल केली. मोजणी झाली, कुंपण निघालं.

दोन वर्षांनी मावशी तापाने गेली. तिला जाऊन महिनाही झाला नसेल, दुकानात कानावर आलं की गुरचरणात पुन्हा कुंपणाचे खांब उतरवलेत. मी शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली. आता मावशी नाही, पाड्याला कोणीतरी जमवायला हवं. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत गेलो.

पोचलो तर गुरचरणात अख्खा पाडा बसलेला. खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांत पाय सोडून पोरं बसली होती, गुरं चरत होती आणि बैठक ऐन भरात होती.

"कोणी बोलावलं सगळ्यांना?" मी एका बाईला विचारलं.

"कोनी नाय," ती म्हणाली. "तू बस ना. मधीच उभा राहू नको, मागच्यांना दिसत नाय."

क्षणभर मला थोडं लागलं. मग हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. मिळाली त्या जागी मी बसलो.