उघडा नळ

माझ्या नवऱ्याला नळ बंद करायचा नाद आहे. गॅसचा, बेसिनचा, घराबाहेर पडताना मीटरपाशी असलेला मुख्य, सगळे. लग्न झाल्यावर पुण्यात मला त्याचं कौतुक वाटायचं. तोक्योत त्याच नादापायी माझी नोकरी गेली. तो हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगतो, आणि त्यात हिरो तोच असतो. म्हणून एकदा माझ्या बाजूनेही लिहून ठेवते आहे.

आम्ही गेलो तेव्हा पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी विमानं भरभरून तिकडे उतरत होती. आम्हाला ओजिमाच्या सरकारी वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. नवऱ्याचा व्हिसा इंजिनिअरचा, माझा 'अवलंबित'. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, पुण्यात डिझेल इंजिनांच्या टेस्टिंगवर काम केलेली बाई. तिथे माझं काम काय, तर कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे पाठ करायचं आणि पाऊस आला की स्टेशनवर छत्री न्यायची. माझं डोकं गंजत चाललं होतं आणि ते बोलायचीही सोय नव्हती, कारण सगळ्यांच्या मते माझं नशीब फळफळलं होतं.

कालव्याच्या काठाने सायकल चालवताना मला बोटी दुरुस्त करणारी एक शेड सापडली. डिझेलचा वास आला की मी थांबायचे. एकदा मोडक्यातोडक्या जपानीत मालकाला म्हटलं, या इंजिनाचा आवाज बरोबर नाही. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि इंजिन बंद केलं. महिन्याभरात रीतसर परवानगी काढून मी तिथे पार्टटाइम लागले. मालक म्हातारा, अबोल. पहिल्यांदा मला 'ओकुसान' म्हणायचा, म्हणजे 'कुणाची तरी बायको'. मग आडनावाला आदराचं 'सान' लावून हाक मारू लागला. ते आडनावही नवऱ्याचंच, पण कामावर ते माझं वाटायचं.

माझ्याकडे इम्पेलर बदलण्याचं काम होतं. बोटीचं इंजिन बाहेरच्या पाण्यावर थंड राहतं. ते पाणी आत ओढायला पंप असतो, आणि पंपात तळहाताएवढं, पात्यापात्यांचं रबरी चाक असतं. तेच इम्पेलर. पाणी नसताना फिरलं की बघता बघता जळतं, म्हणून चांगलं दिसत असलं तरी ठरलेल्या मुदतीत बदलायचं. बाहेरचं पाणी ज्यातून पाइपाने थेट पंपात येतं तो बोटीच्या तळाचा नळ बंद करायचा, पंपाचं झाकण काढायचं, जुनं चाक ओढून काढायचं, नव्याला साबणाचं पाणी लावून पाती एका दिशेला मुडपून आत बसवायचं. मग नळ उघडायचा, इंजिन सुरू करायचं आणि मागच्या पाइपातून पाणी फुसफुसत बाहेर पडतंय ना, ते बघायचं. शेवटी नळाकडे हात रोखून मोठ्याने म्हणायचं, "उघडा आहे, ठीक." एकटं असलं तरी म्हणायचं. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे दिवसभरातलं ते एकच वाक्य असं होतं, जे मी पूर्ण खात्रीने म्हणत असे.

नवरा मित्रांना सांगायचा, ही मरीनाच्या, म्हणजे बोटी लावतात त्या धक्क्याच्या, ऑफिसात असते. बायकोचे हात ग्रीसने बरबटतात हे सांगायला त्याला जड जायचं. नखं बघून म्हणायचा, "अगं, पोळ्या करतेस ना याच हातांनी?"

एका शनिवारी आम्हाला संध्याकाळी कुणाकडे जेवायला जायचं होतं, म्हणून तो मला न्यायला आला. मी एक बोट नुकतीच पूर्ण केली होती. हात रोखून म्हणून झालं होतं आणि ते मालकाने ऐकलंही होतं. नवऱ्याला बोटीच्या स्टिअरिंगपाशी फोटो हवा होता. "आधी हात धू, कॅमेरा खराब होईल," तो म्हणाला. मी हात धुऊन येईपर्यंत तो बोटीतच थांबला; मग फोटो काढला, आम्ही गेलो.

रविवारी गिऱ्हाईक बोट घेऊन निघालं आणि कालव्याच्या मधोमध इंजिन तापून बंद पडलं. बोट दोरीने ओढून आणावी लागली. तळाचा नळ बंद होता. सोमवारी मी पोचले तेव्हा मालक त्या गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकून उभा होता. माझ्याकडे बोटही दाखवलं नाही त्याने. मी त्याच्या मागे उभी राहून वाकले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण उघडलेला नळ बंद कसा, हे मला काही केल्या कळेना.

जळकं चाक मी घरी आणलं आणि जेवायच्या टेबलावर ठेवलं. झालेलं सगळं सांगितलं.

"तो नळ?" नवरा म्हणाला. "तू उघडाच टाकला होतास. बोटीत पाणी शिरलं असतं. मी बंद केला."

मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चल आणि एवढंच त्यांना सांग."

"मी? मला कुठे एवढं जपानी येतं? आणि क्लायंटकडे डिलिव्हरी आहे, सुट्टी मागू? एका पार्टटाइमसाठी?" मग त्याने ते चाक दोन बोटांत उचललं. "रबर न जळणाऱ्या कचऱ्यात जातं ना? बुधवारी." आणि पिशवीत टाकून दिलं.

मी एकटीच गेले आणि मालकाला खरं ते सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "असं झालं होय." हातातला पाना पुसून ठेवत म्हणाला, "पण शेवटी बघायचं काम आपलंच." तो रागावला असता तर मी भांडले तरी असते. "पुढच्या आठवड्यात फोन करतो," असं म्हणून त्याने मला फाटकापर्यंत पोचवलं. फोन आला नाही. पुढे मी तो कालव्याचा रस्ताच सोडला.

एदोगावातल्या हॉलमध्ये आमच्या मंडळींची दिवाळी होती, तेव्हा हा किस्सा मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. "हिने बोटीचा नळ उघडाच ठेवलेला. मी नसतो तर बोट तळाला." सगळे पोट धरून हसले. कुणीतरी विचारलं, "काय वहिनी, खरं का?"

"नळ उघडा होता म्हणून बोट बुडत नाही," मी म्हटलं. "याने बंद केला म्हणून इंजिन तापून बंद पडलं आणि माझी नोकरी गेली."

ते आणखी जोरात हसले. मी नवऱ्याला टोमणा छान मारला, असं त्यांना वाटलं. नवराही हसला.

निघताना तो हॉलच्या स्वयंपाकघरात परत गेला. मी दाराशी चपला घालत होते. त्याने गॅस बघितला, एकेक नळ पिळून बघितला आणि आतूनच मला सांगितलं, "सगळं बंद आहे, चल."

त्या देशात आम्ही पुढे बरीच वर्षं काढली. मी परत कुठेही कामाला लागले नाही.